मराठी संशोधनपत्रिकांची नोंद कोण घेणार?

१. फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘यूजीसी-केअर’ ही मान्य संशोधनपत्रिकांची यादी बंद केल्याचे जाहीर केले. पत्रिका पारखण्याचे काम आता विद्यापीठे, महाविद्यालये आणि प्राध्यापकांवर आले आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या महाविद्यालयांत ते नेमके कोणी करायचे, हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने लेखी सांगावे.

२. पत्रिका नीट पारखल्या जातील का, ही काळजी उगाच नाही. संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्याच शिफारशीने आयोगाच्या ‘केअर’पूर्वीच्या यादीत आलेल्या १,००९ पत्रिका तपासल्या. त्यांतल्या ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असाव्यात, असा निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

३. बढतीसाठी पेपर हवा म्हणून ‘स्कोपसमध्ये घालून देतो’ म्हणणाऱ्यांना प्राध्यापक पैसे देतात. स्कोपस या संशोधनपत्रिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीकडे पत्रिकेचा अर्ज करायला शुल्क नाही, आणि निवड बाहेरच्या तज्ज्ञांचे मंडळ करते. आयएसएसएन हा तर निव्वळ ओळख क्रमांक. तो मिळाला म्हणजे दर्जा सिद्ध झाला, असे नाही.

४. स्कोपस पाहते काय? किमान दोन वर्षांचे प्रकाशन, वेळेवर निघणारे अंक, तज्ज्ञांकडून लेखांची तपासणी, प्रकाशननीतीचे जाहीर निवेदन. संपादक आणि लेखक किती ठिकाणचे आहेत, हेही पाहिले जाते. आपल्याच महाविद्यालयाचे संपादक आणि आपल्याच सहकाऱ्यांचे लेख, अशी पत्रिका इथेच अडखळते. हे बदलायला पैसा लागत नाही. सेनगावच्या प्राध्यापकाचा लेख तपासायला सोलापूरचा किंवा धारवाडचा अभ्यासक बोलवावा, आणि त्याचा प्रतिकूल अभिप्राय संपादकांनी मनापासून मानावा.

५. लेख मराठीत असला तरी शीर्षक व सारांश इंग्रजीत आणि संदर्भसूची रोमन लिपीत हवी, ही स्कोपसची अट मात्र आपल्यावर जड पडते. वसमतच्या हळदीवर किंवा नर्सीच्या नामदेव परंपरेवर मराठीत लिहिणाऱ्याचे संदर्भ बहुतेक देवनागरीतले असतात. ते रोमनमध्ये उतरवणे किचकट आणि वेळखाऊ आहे. मानधन देऊन या कामासाठी माणूस नेमणे विद्यापीठाला सहज शक्य आहे, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.

६. तोवर मुक्त पत्रिकांची ‘डीओएजे’ ही निःशुल्क सूची आहे. तिथे कोणत्याही भाषेतली पत्रिका चालते; वर्षाला किमान पाच संशोधन लेख, संपादक मंडळाची खरी नावे आणि सर्वांना विनामूल्य वाचन या तिच्या अटींपैकी आहेत. मराठवाड्यातल्या पत्रिकांनी पहिला अर्ज इथे करावा, आणि विद्यापीठाने बढतीच्या गुणांत या नोंदीला स्थान द्यावे.