घास अडतो तिथे

"दिवाळीच्या अंकात तरी काहीतरी खमंग लिहा," असे संपादक मला दर वर्षी बजावतात. यंदा त्यांचे ऐकायचे ठरवून चकलीचा सोऱ्या जवळ घेऊनच लिहायला बसले होते. पण समोर पाटावर आमची चार वर्षांची नात शंकरपाळे खात बसली आहे. कुरूम कुरूम आवाज साऱ्या घरभर! तो ऐकता ऐकता चकली मागे पडली, आणि मला आठवला तो दुधाचा एक चमचा.

सव्वा महिन्याची होऊन ही बाळी आजोळाहून इगतपुरीला आली, ती ऐन पावसात. पोर दिसायला गोड, पण अंगाने काडी. आईजवळ घेतली की दोन-चार वेळा चोखायची, दमायची, रडायची. तासतासभर हाच खेळ. मध्येच ठसका लागे आणि नाकातून दूध येई.

आता वाचक भगिनींनो, सासूच्या तोंडाला कुलूप कसे असणार? "तुला नीट घेता येत नाही," हे माझे पहिले वाक्य. "तुझं दूधच पुरत नसेल," हे दुसरे. तिसरे सांगायची आजही लाज वाटते. "गरोदरपणी ग्रहण पाळलं होतंस ना? विळी-सुरी हातात धरली नव्हतीस ना?"

सूनबाई एवढेच म्हणाली, "आई, मी काही कापलं नव्हतं हो." आणि बाळीला घेऊन आत गेली.

मग मी माझे शहाणपण काढले. माझ्या लेकरांना ज्या चांदीच्या बोंडल्याने दूध पाजले, ते घासूनपुसून आणले. बाळीला पायांवर उताणी घेतली आणि बोंडल्याची चोच तोंडात धरून दूध सोडले. एक घोट, दोन घोट, आणि पोरीचा श्वासच अडला. ओठ निळे पडले. सूनबाईने झडप घालून तिला उचलली, पालथी धरली, पाठ थोपटली. रडणे ऐकू आले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. ते बोंडले त्या दिवसापासून कपाटात आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिकला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जीभ दाबून, टॉर्च लावून घशाशी पाहिले आणि आम्हालाही दाखवले. टाळूच्या मागच्या मऊ भागाला फट होती. ओठ सुरेख असल्यामुळे कुणाला शंकाच आली नव्हती. अशी नुसती टाळूची फट जन्मल्याबरोबर लक्षात न येणे नवलाचे नाही, असे डॉक्टर म्हणाले.

"सरबताच्या नळीला भोक पडलं तर सरबत वर चढेल का?" त्यांनी विचारले. टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा. तो पुरा नसेल, तर बाळाला तोंडात ओढ धरताच येत नाही. ते चोखते, पण दूध थोडेच येते आणि त्यातलेही नाकात जाते. मग ते दमते आणि आपण म्हणतो, पोर हट्टी आहे!

मी चाचरत ग्रहणाचे विचारले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "टाळू गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येते. ती का जुळली नाही, हे पुष्कळदा सांगता येत नाही. पण विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही."

त्यांनी आम्हाला पाजायला शिकवले. बाळाला जवळजवळ बसते धरायचे, मानेला आधार द्यायचा. आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने पाजायचे. चमचा खालच्या ओठाला टेकवायचा आणि थांबायचे. घशात ओतायचे नाही. गिळल्याचे दिसले की मगच पुढचा चमचा. मधून मधून ढेकर काढायचा. अर्ध्या तासाहून अधिक ताणायचे नाही, कारण प्याले त्याहून अधिक बळ मग पिण्यातच खर्च होते. आणि ठरल्या दिवशी वजन करायचे.

आमचे 'हे' रेल्वेत गार्ड होते. घरी आल्यावर मी त्यांना सारे सांगितले. ते म्हणाले, "घाटात 37 फुटांना एक फूट चढ आहे. गाडी एकटीने चढत नाही म्हणून इंजिनाला कुणी हट्टी म्हणतं का? कसाऱ्याला मागे बँकर जोडतात." त्या दिवसापासून आमच्या घरात चमच्याचे नाव बँकर पडले. रात्री दोनची पाळी माझी असे.

टाळूची फट हे एकच कारण नव्हे. फार लवकर जन्मलेल्या बाळांना चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधत नाही. तो साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांना मान, जीभ आणि जबडा सावरत नाही, म्हणून त्यांना कसे बसवायचे, घास किती पातळ किंवा घट्ट करायचा, हे तज्ज्ञांकडूनच शिकावे लागते. हे काम आपल्याकडे वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात या विद्येचे शिक्षण 1966 सालापासून मिळते.

म्हणून हात जोडून सांगते. पिताना बाळ वारंवार ठसकत असेल, निळे पडत असेल, घामाघूम होत असेल, पिऊन झाल्यावर छातीत घरघर वाजत असेल, वजन वाढत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. नाक दाबून, निजवून किंवा रडत असताना तर कधीच पाजू नका. पैशाची अडचण असली, तरी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते, आणि फाटलेला ओठ व टाळू यांवरचे उपचार त्यात मोफत आहेत. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात विचारा.

आमच्या बाळीची शस्त्रक्रिया दहाव्या महिन्यात झाली. पुढे बोलण्याचे धडे सुरू झाले. 'प' आणि 'ब' तिला जमत नसत, हवा नाकातून निसटे. ज्या दिवशी ती स्वच्छ 'बाबा' म्हणाली, त्या दिवशी चिरंजीवांनी साऱ्या चाळीला पेढे वाटले.

गेल्या 7 सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होते. शेजारची सून सात महिन्यांची गरोदर, बिचारी संध्याकाळपासून कोपऱ्यात हात बांधून बसलेली. मी पेरू आणि सुरी घेऊन गेले, तिच्यासमोर बसून फोडी केल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. तिच्या सासूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. मी त्यांना आमच्या बाळीची सारी हकीकत सांगितली.

परत आले तो दारात सूनबाई उभी. तिने सारे ऐकले असावे. म्हणाली, "आई, आत चला, गार वारं आहे." आणि तिने माझ्या हातातली सुरी घेतली.