जुने घर भाड्याने देताना

दुकानाचा हिशेब मिटून चार पैसे शिल्लक राहिले की ते घरजागेत घालण्याची रीत व्यापारी घराण्यांत जुनी आहे. बदनापूरच्या एका बाजूस जालन्याचे पोलाद कारखाने आहेत आणि दुसऱ्या बाजूस शेंद्र्याची औद्योगिक वसाहत. गावात तहसील कार्यालय, कृषी संशोधन केंद्र व रेल्वे स्थानक आहे. बदलीवर आलेल्या शिक्षकाला वा कर्मचाऱ्याला येथे भाड्याचे घर लागतेच. तथापि, मागणी आहे म्हणून प्रत्येक जुने घर घेण्याजोगे ठरत नाही.

प्रथम कागद पाहावेत. हा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने जुने दस्त उर्दूत आढळतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. वारसांच्या नोंदी पूर्ण आहेत काय, सर्व हिस्सेदारांची संमती आहे काय, हे तपासावे. बँका तारण घेताना वकिलाकडून मालकी हक्काचा शोध अहवाल घेतात. रोखीने खरेदी करणाऱ्यानेही तो खर्च वाचवू नये.

त्यानंतर छत. मराठवाड्यातील जुने माळवद उन्हाळ्यात गारवा देते. पण गळती थांबविण्यासाठी दरवर्षी मातीचा नवा थर पडत गेला की त्याचे वजन वाढत जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच जड छपरांखाली व मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे दगावली. म्हणून तुळयांना लागलेली वाळवी, भिंतींचा फुगवटा आणि जोत्याची ओल अभियंत्याला दाखवावी. मातीच्या जुन्या भिंतींवर थेट स्लॅब टाकणे धोक्याचे आहे. भिंती भक्कम असतील तर माती उतरवून हलके पत्र्याचे छत घालता येते. तसे नसल्यास ते घर सोडून द्यावे. भाडे घेणाऱ्याने भाडेकरूच्या डोक्यावरील छताची हमी घेतलीच पाहिजे.

दुरुस्तीचा खर्च क्रमाने करावा: छत, मग पाणी व सांडपाणी, मग वीज, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी. 2013 चा दुष्काळ जालना जिल्हा विसरलेला नाही. मोठी टाकी ही येथे चैन नव्हे. वायरिंग नवे करावे, अर्थिंग तपासावे, भाडेकरूसाठी वेगळा मीटर घ्यावा. परसातील शौचालयाऐवजी घराला लागून न्हाणीघर व शौचालय करावे. सागवानी दारे व खांब सुस्थितीत असल्यास जपावेत.

आता हिशेब. समजा, खरेदीस 12 लाख व दुरुस्तीस 3 लाख रुपये लागले आणि भाडे दरमहा 6,000 आले. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले तर 66,000 हाती येतात. घरपट्टी व देखभालीचे 9,000 वजा जाता उरतात 57,000, म्हणजे गुंतवणुकीवर 3.8 टक्के. तीन महिने रिकामे राहिले तर उरतात 45,000, म्हणजे 3 टक्के. हे उत्पन्न कर्जाच्या व्याजाला पुरणारे नाही. म्हणून कर्ज काढून किंवा दुकानाचे खेळते भांडवल मोडून असे घर घेऊ नये. आयकरात भाड्याच्या उत्पन्नावर 30 टक्के ठोक वजावट मिळते. दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च त्याखेरीज वेगळा मिळत नाही आणि तो दुकानाच्या खर्चातही दाखविता येत नाही.

करार लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 ने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

दोनशे रुपये जास्त देणाऱ्या भाडेकरूपेक्षा पाच वर्षे टिकणारे कुटुंब अधिक लाभाचे. असे कुटुंब टिकते ते वेळेवर केलेल्या दुरुस्तीमुळे. गळती पहिल्या पावसातच थांबविणारा मालक भाडेकरू शोधत फिरत नाही.