पुरस्काराची थैली आणि बिनपगारी उमेदवार

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०११ साली एक विलक्षण प्रदर्शन भरले होते. त्यात ना चित्र होते, ना शिल्प. दालनाच्या भिंतींवर एक डॉलरच्या वापरलेल्या एक लाख नोटा एकमेकींना खेटून टाचण्यांनी टोचलेल्या होत्या. हान्स-पेटर फेल्डमान या जर्मन कलावंताला आदल्या वर्षी ‘ह्युगो बॉस पुरस्कार’ मिळाला होता. पुरस्काराची रक्कम होती एक लाख डॉलर, आणि तीच त्याने भिंतींवर मांडली होती. प्रेक्षकांनी त्यातून कलेच्या बाजाराविषयी जे अर्थ काढायचे ते काढले असतील. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्या मांडणीत एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. पुरस्कार म्हणजे केवळ पुरस्काराची रक्कम नव्हे. ती योग्य माणसाच्या हाती पडेपर्यंत जे काम करावे लागते त्यालाही खर्च येतो, आणि तो कोण सोसतो हे त्या भिंतींवरून कळण्यासारखे नव्हते.

हे काम बाहेरून दिसते त्याहून पुष्कळ अधिक असते. कोणाची नावे विचारात घ्यावीत यासाठी जाणकारांना पत्रे धाडायची, उत्तरे न आल्यास पुन्हा स्मरणपत्रे धाडायची. प्रत्येक कलावंताचा परिचय, मागील प्रदर्शनांची यादी, कलाकृतींची छायाचित्रे, त्यांची मापे व साली हे सारे एका साच्यात बसवायचे. छायाचित्राखालचे साल आणि परिचयातले साल जुळत नसेल तर खरे कोणते याचा छडा लावायचा. परीक्षकांचा प्रवास, त्यांचे परवाने, त्यांच्या बैठकांची टिपणे. नंतर कलाकृती आल्या की त्यांच्या स्थितीची नोंद, विम्याची कागदपत्रे, भिंतीवरील माहितीफलकांचे मुद्रितशोधन. आणि शेवटी समारंभाच्या निमंत्रितांची यादी. यातील निर्णयाचा भाग परीक्षकांकडे आणि क्युरेटरकडे असतो. उरलेल्या कष्टाच्या कामांतील बराच भाग पाश्चात्त्य संग्रहालयांत वर्षानुवर्षे ‘इंटर्न’ म्हणून येणाऱ्या मुलामुलींनी उचलला, आणि त्यांतील कित्येकांना त्यासाठी एक पैही मिळाली नाही.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटण्याचे कारण नाही. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेऱ्यांतून आणि न्यायालयांतून ‘उमेदवार’ नावाचा एक वर्ग असे. पुढेमागे कारकुनाची जागा रिकामी होईल या आशेवर तो महिनोन्‌महिने बिनपगारी नकला उतरीत बसे. घरी शेत असे, किंवा कमावता भाऊ असे, म्हणून ते शक्य होई. ज्याच्या घरी या दोहोंपैकी काहीच नसे, तो कचेरीच्या पायरीपर्यंत पोहोचतच नसे. आज ‘इंटर्न’ हा शब्द अधिक डौलदार वाटतो एवढेच; व्यवहाराचे स्वरूप तेच आहे. श्रमाचा मोबदला आशेच्या रूपाने द्यायचा, आणि आशा फळेपर्यंतचे जेवणखाण उमेदवाराच्या कुटुंबावर सोपवायचे. संग्रहालयाला देणगी देणाऱ्यांची नावे प्रवेशद्वाराशी कोरलेली असतात. पण मुलीला तीन-चार महिने न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या खर्चाने ठेवणारा बापही त्या संग्रहालयाला देणगीच देत असतो, आणि तिची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

कायद्याने या व्यवहाराला बराच आडोसा दिलेला आहे. अमेरिकेत एका चित्रपट कंपनीविरुद्ध उमेदवारांनी लढविलेल्या दाव्यात वरिष्ठ न्यायालयाने २०१५ साली निकष घालून दिला तो असा की, या व्यवहाराचा मुख्य लाभ कोणाला होतो, शिकणाऱ्याला की मालकाला, हे पाहावे. तेथील श्रम खात्याने २०१८ मध्ये हाच निकष स्वीकारला. परंतु तो नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांपुरता आहे. धर्मादाय संस्थांत कोणी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता काम करीत असेल तर त्याला सर्वसाधारणपणे हरकत घेतली जात नाही, आणि अमेरिकेतील बहुतेक मोठी कलासंग्रहालये अशाच संस्था आहेत. ब्रिटनच्या १९९८ च्या किमान वेतन कायद्यातही धर्मादाय संस्थांतील स्वयंसेवकांना वगळले आहे. शिवाय अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक वर्षाच्या आत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तेथे किमान वेतनाचा हक्क नाही. या दुसऱ्या सवलतीकडे महाराष्ट्रातील वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. तिचा संबंध पुढे येणारच आहे.

या आडोशाची लाज प्रथम संग्रहालयांच्या चालकांनाच वाटली, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. अमेरिकेतील कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने जून २०१९ मध्ये ठराव करून सदस्य संग्रहालयांना उमेदवारांना वेतन देण्याचे आवाहन केले. बिनपगारी उमेदवारीमुळे सधन घरांतील मुलांनाच या क्षेत्रात शिरकाव मिळतो आणि विषमता टिकून राहते, असे त्यामागचे कारण होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला पन्नास लाख डॉलरांची देणगी मिळाली, आणि तेथील सर्व उमेदवारांना वेतन देण्याची सोय झाली. जगातील अत्यंत श्रीमंत संग्रहालयांत ज्याची गणना होते, त्यालाही या किरकोळ वाटणाऱ्या वेतनासाठी स्वतंत्र दात्याची वाट पाहावी लागली! यात आश्चर्य वाटते खरे. पण हिशेबाच्या बाजूने पाहिले तर ते उरत नाही.

कारण प्रायोजकाचा पैसा बांधलेला असतो. कपड्यांच्या कंपनीला, वाहिनीला वा बँकेला पुरस्काराशी आपले नाव जोडून हवे असते; फायली लावणाऱ्या मुलीच्या पगाराशी नाव जोडून तिला काय मिळणार? त्यामुळे थैलीसाठी पैसा उभा राहतो आणि थैलीभोवतीच्या कामासाठी तो संग्रहालयाच्या सर्वसाधारण खर्चातून काढावा लागतो. तेथे छप्पर गळत असते, रखवालदारांचे पगार असतात, विजेचे बिल असते. या ओढाताणीत ज्याचा आवाज सर्वांत क्षीण त्याच्या वाट्याला शून्य येते. प्रायोजकाचा पैसा बेभरवशाचाही असतो. लंडनच्या टेट संग्रहालयाचा १९८४ साली सुरू झालेला टर्नर पुरस्कार १९९० मध्ये दिलाच गेला नाही, कारण त्याला पैसा पुरविणारी ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट ही अमेरिकन वित्तसंस्था त्या वर्षी दिवाळखोरीत गेली. १९९६ मध्ये सुरू झालेला ह्युगो बॉस पुरस्कारही २०२० नंतर थांबला.

तथापि खर्च खरोखर किती आहे? एक ढोबळ हिशेब मांडून पाहावा. न्यूयॉर्क शहरात २०१९ मध्ये किमान वेतन तासाला १५ डॉलर होते. आठवड्याला २० तास याप्रमाणे बारा आठवडे एका उमेदवाराने काम केले, तर होतात २४० तास, म्हणजे ३,६०० डॉलर. एक लाखाच्या पुरस्काराशी हे प्रमाण शेकडा ३.६ पडते. दोन उमेदवार ठेवले तरी शेकडा सव्वासातच्या आत. एवढी रक्कम पुरस्कारातून वजा केली तर विजेत्याची कुचंबणा होणार नाही, आणि प्रायोजकाकडून ती वेगळी मागितली तर त्याने नकार द्यावा इतकी मोठी ती नाही. ती मागितली जात नाही, कारण बिनपगारी माणूस मिळतो. ज्या वस्तूला फुकट पुरवठा आहे तिच्यासाठी कोणी अंदाजपत्रकात रकाना काढीत नाही.

मग असा पुरवठा होतो तरी का? अॅडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात वकिलीच्या धंद्याची तुलना सोडतीशी केली आहे. फार थोड्यांना मोठे बक्षीस लागते, त्या बक्षिसाकडे पाहून पुष्कळजण उडी घेतात, आणि सर्वांची मिळकत एकत्र केली तर ती सर्वांच्या खर्चाला पुरत नाही. कलासंग्रहालयांतील नोकरीला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. क्युरेटरच्या जागा थोड्या, त्यांची प्रतिष्ठा मोठी, आणि दाराशी उच्चविद्याविभूषित तरुणांची रांग. स्मिथच्या सोडतीचे तिकीट निदान सर्वांना एकाच भावाने मिळते. येथे तिकिटाची किंमत ज्याच्या त्याच्या पत्त्यावर अवलंबून असते. शहरात घर असलेल्याला ती केवळ वेळाची असते; बाहेरगावच्याला घरभाड्याची, आणि घरी पैसे पाठवावे लागणाऱ्याला ती परवडण्याच्या पलीकडची असते.

येथवर हा प्रश्न मजुरीचा झाला. पण तो तेवढाच असता तर कामगारविषयक स्तंभात त्याची सोय झाली असती. आजचा उमेदवार हाच उद्याचा साहाय्यक क्युरेटर आणि परवाचा परीक्षक असतो. कोणाची नावे यादीत यावीत आणि कोणाच्या छायाचित्रांवर क्षणभर अधिक नजर ठरावी, हे पुढे त्याच्या अभिरुचीवर ठरते. उमेदवारीच्या दाराशी चाळण लागली की तिचा परिणाम वीस वर्षांनी पुरस्कारांच्या यादीत उतरतो, आणि तेव्हा मूळ कारण कोणाच्या ध्यानातही राहत नाही. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांना १९९१ मध्ये टर्नर पुरस्कार मिळाला याचा येथे सार्थ अभिमान वाटला. परंतु निवड करणाऱ्यांच्या खुर्चीपर्यंत कोण पोहोचते, ही चौकशी आपल्याकडे क्वचितच होते.

कलावंतांनी स्वतःपुरता हा प्रश्न एका बाजूने हाताळला आहे. २०१९ मध्ये टर्नर पुरस्काराच्या अंतिम यादीतील चौघांनी परीक्षकांना विनंती केली की आपल्यात एक विजेता निवडू नये, आणि ४० हजार पौंडांची रक्कम चौघांत वाटली गेली. २०२० मध्ये साथीमुळे प्रदर्शन रद्द झाले, तेव्हा पुरस्काराऐवजी दहा कलावंतांना प्रत्येकी दहा हजार पौंड देण्यात आले. थैलीची वाटणी कशी व्हावी याविषयी कलावंत इतक्या उदारपणे विचार करू शकतात, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या वाटणीत कार्यालयातील टेबलापर्यंतचा विचार मात्र अद्याप पोहोचलेला दिसत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाही. उमेदवार शिकतो, त्याला प्रमाणपत्र मिळते, माणसांच्या ओळखी होतात. हा मोबदलाच नव्हे काय? शिवाय कलासंस्था स्वयंसेवेवर उभ्या राहिल्या आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून प्रदर्शने भरवीत आली. १९३७ मध्ये अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्राला तिने सुवर्णपदक दिले. अशा संस्थांतून कित्येकांनी पदरमोड करून काम केले असेल, त्यांना कोणी मजुरी विचारली नाही. हे सारे मान्य. परंतु संस्थेचा सभासद पोटापाण्याची सोय झाल्यावर उरलेला वेळ देतो. उमेदवार पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून वेळ देतो. दोघांच्या कामाला एकच नाव दिल्याने दोघांची स्थिती एक होत नाही. आणि शिक्षण हाच मोबदला असेल, तर पहिल्या आठवड्यात शिकलेले लखोट्यांचे काम बाराव्या आठवड्यातही का करावे लागते, याचे उत्तर संस्थेने दिले पाहिजे.

हा विचार आता महाराष्ट्राच्या अंगणात आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार येथील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले. त्याला चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. इतिहास, कला, भाषा, अर्थशास्त्र या विषयांचे विद्यार्थी त्यासाठी संग्रहालये, ग्रंथालये, कलादालने यांची दारे ठोठावतात. कल्पना चांगली आहे. वर्गातील फळ्यावर कळत नाही असे बरेच काही प्रदर्शनाच्या धांदलीत कळते. मात्र या १२० तासांचे विद्यावेतन दिलेच पाहिजे असे बंधन नाही. ब्रिटनच्या कायद्यातील विद्यार्थ्यांविषयीची सवलत आपल्याकडे अशी अभ्यासक्रमाच्या वाटेने आली आहे.

यातील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात शिकणाऱ्या जोडाऱ्याला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने युवकांच्या कार्य प्रशिक्षणाची योजना जाहीर केली. तीत बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये ठरविले. त्याच वर्षी केंद्राने मोठ्या कंपन्यांतील उमेदवारीसाठी दरमहा पाच हजारांची योजना आणली. शिकता शिकता काम करणाऱ्याला खावे लागते, हे शासनाने अशा रीतीने तत्त्वतः मान्य केले आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्याने तेच काम श्रेयांकांसाठी केले की ते तत्त्व लागू पडेनासे होते.

चार तासांचा दिवस धरला तर १२० तासांचे तीस दिवस होतात. डोंबिवलीहून फोर्टला येणाऱ्या विद्यार्थिनीला त्यासाठी लोकलचा पास, दुपारचे जेवण, आणि संध्याकाळच्या शिकवण्या चुकल्या तर त्यांचे बुडालेले पैसे, इतका खर्च पडतो. परभणी वा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने मुंबई-पुण्याच्या कलासंस्थेत काम करायचे मनात आणले तर राहण्याचा खर्चच इतका की तो विचार सोडून देऊन जवळच्या एखाद्या कार्यालयात तास भरून काढणे त्याला भाग पडते. पारितोषिके देणाऱ्या संस्थांनी प्रायोजकाशी करार करतानाच त्या कामासाठी घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनाचे कलम घालून घ्यावे. ज्यांना प्रायोजक नाही, त्यांच्यासाठी विद्यापीठांनी प्रवासखर्चापुरता तरी निधी ठेवावा. आणि हे होईपर्यंत एक साधी गोष्ट याच वर्षापासून करता येईल. विद्यार्थ्याच्या प्रशिक्षण अहवालात तासांची नोंद व पर्यवेक्षकाची सही यांच्या शेजारी, संस्थेने किती रुपये दिले तेही लिहिले जावे. काही दिले नसेल तर तेथे शून्य लिहावे, आणि विषयवार व जिल्हावार ते आकडे विद्यापीठाने दरवर्षी प्रसिद्ध करावेत.