झाडांच्या गल्लीतली तबकडी

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? कुंपण, फाटकावर पहारेकरी, आत साहेब आणि साहेबामागे काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या. हा खेळ आपला नव्हे, हे आपण कधीच ठरवून टाकले आहे. पण या गोल्फचे एक धाकटे भावंड अमेरिकेत आहे. त्याला ना काठी लागते, ना चेंडू, ना पिशवी वाहणारा. डिस्क गोल्फ त्याचे नाव. छोट्या ताटलीएवढी प्लॅस्टिकची तबकडी फेकत फेकत न्यायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. कमीत कमी फेकीत जो पाडील तो जिंकला. हिशेब इतका सरळ!

या खेळाला आकार दिला तो एड हेड्रिकने. फ्रिसबी बनविणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत तो कामाला होता. १९७५ साली कॅलिफोर्नियात पासाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने पहिले कायमचे मैदान आखले. सुरुवातीला निशाणाला नुसते खांब होते. मग तबकडी खांबाला लागली की नाही यावरून वाद व्हायचे. त्यावर साखळ्यांची टोपली हा तोडगा निघाला. १९७७ साली तिचे पेटंट मिळाले. माझ्या मते टोपलीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्याने जागा निवडली ती सार्वजनिक उद्यानाची, क्लबाची नव्हे. आजही तिकडची पुष्कळ मैदाने सार्वजनिक उद्यानांत असून अनेक ठिकाणी पैसा पडत नाही. अलीकडे खासगी जमिनीवर शुल्क घेणारी मैदानेही झाली आहेत. निगा चांगली असते म्हणतात. तरी मला ते खटकते. फाटक आले की पहारेकरी येणारच.

आता मैदानाविषयी. काही मैदाने डोंगरउतारावर असतात, तर काही सपाट रानात. मिशिगन राज्यात ह्युरॉन नदीकाठच्या हडसन मिल्स उद्यानातली मैदाने अशीच झाडीची. नवख्याला वाटते, चढ नाही, उतार नाही, म्हणजे सोपे. पण इथे चढाची जागा झाडांनी घेतलेली असते. दोन्हीकडे खोडांच्या रांगा, मधे चार-सहा पावलांची गल्ली, वर फांद्यांचे छत. तबकडी उंच फेकली तर पानांत अडकते, म्हणून ती छातीच्या उंचीने, सरळ सोडावी लागते.

तबकड्याही तीन जातीच्या. ड्रायव्हरची कड धारदार. तो वेगाने आणि लांब जातो. पटर जाडसर, बोथट कडेचा. हळू पण सरळ जातो. मिडरेंज दोहोंच्या मधला. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे हात छातीसमोरून ओढून फेकलेली तबकडी वेग ओसरला की डावीकडे कलते. मोकळ्या मैदानात हे खपते, गल्लीत थेट खोडावर! म्हणून मुरलेला खेळाडू रानात ड्रायव्हर बाजूला ठेवतो आणि मिडरेंज अर्ध्या ताकदीने सोडतो. हात बाजूने आणून फेकली तर शेवटी ती उजवीकडे कलते. ज्याला दोन्ही जमते त्याला दोन्ही वळणे मोकळी.

तबकडी झुडपात शिरली तर? जिथे पडली तिथूनच, तिच्या मागे पाय ठेवून फेकायचे. वाट करायला फांदी मोडण्यास नियमाने मनाई आहे. वीतभर फटीतून टोपली दिसते आणि मोह होतो. पण आडवी फेकून गल्लीत परत यावे, एका फेकीवर भागते. फटीचा नाद केला की दुसरे खोड, मग तिसरे. कागदावर आकडा फुगतच जातो.

झाडांनाही हा खेळ सोसावा लागतो, हे सांगितलेच पाहिजे. सुरुवातीच्या ओट्याजवळ आणि टोपलीभोवती खोडांची साल सोलवटते, पायांनी माती दबून मुळे उघडी पडतात. जाणती मंडळी तिथे लाकडाचा भुसा पसरतात, अधूनमधून टोपलीची जागा बदलतात. अखेर झाडेच गेली तर त्या सपाट जमिनीवर खेळण्यासारखे उरणार काय?

सपाट मैदानाचा आणखी एक फायदा आहे. गुडघे दुखणारी आजीही नातवंडांबरोबर सगळी फेरी चालू शकते. मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी टोपलीपासून जवळचा ओटा वेगळा असतो. माणशी एक पटर पुरतो. फक्त पुढे कोणी चालत असेल तर तो लांब जाईपर्यंत तबकडी हातातच ठेवावी.