हात लावू नका, कात टाकणं चालू आहे!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी आजीशी फोनवर बोलण्यापुरतंच आहे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण 'कात टाकणे' हा आपला शब्द मला फार आवडतो.

बारावीची सीईटी झाल्यावर मी मावशीकडे न्यू जर्सीला गेले होते. तिथे माझ्या मावसभावाच्या खोलीत, काचेच्या पेटीत चिंगी राहते. चिंगी म्हणजे मेक्सिकन रेड-नी टॅरंटुला. तळहाताएवढी, केसाळ, काळी, आणि गुडघ्यांवर केशरी पट्टे! पहिले दोन दिवस मी त्या खोलीत पाऊलसुद्धा ठेवलं नाही.

दादा म्हणाला, महिनाभर ती जेवत नाहीये. समोर रातकिडा सोडला तरी ढुंकून बघत नव्हती. रंग उडालेला, एका कोपऱ्यात गप्प. आणि एका सकाळी बघते तर बाईसाहेब उताण्या, आठही पाय वर! मी किंचाळले, "दादा, चिंगी गेली रे!" आणि पेन्सिलीने ढोसून बघणार, तेवढ्यात दादाने माझा हात धरला. "हात लावू नकोस. कात टाकतेय ती."

मग त्याने सांगितलं ते आपल्यासारख्या इंजिनियर्सना लगेच पटेल. कोळ्याच्या पायांत काही सांधे सरळ करायला स्नायूच नसतात, ते अंगातल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात. चक्क हायड्रॉलिक्स! जीव गेला की दाब जातो आणि पाय पोटाखाली मुडपतात. म्हणजे पाय मुडपलेले असतील तर घाबरायचं. उताणी पडली असेल तर गप्प बसायचं.

मी खुर्ची टाकून बसले. चिंगीचं कवच ताणलं जात नाही, म्हणून वाढायचं तर ते सोडावंच लागतं. तिने पोटातला द्रव पुढे ढकलला, दाब वाढला आणि डब्याचं झाकण उघडावं तसं पाठीवरचं कवच सुटलं. मग हातमोज्यातून बोटं काढावीत तसे एकेक पाय बाहेर. मध्ये मध्ये नुसती निपचित पडायची. काही तास गेले. जुने सुळेसुद्धा कातीबरोबर गेले. नवे सुळे पांढरे आणि मऊ होते. अशा वेळी साधा रातकिडाही तिला चावून मारू शकतो, म्हणून दादाने पेटीतले रातकिडे आधीच काढून टाकले होते. मागे तुटलेल्या एका पायाच्या जागी नवा पाय आला होता, जरासा बारीक. आणि रंग? एकदम नवा कोरा!

आता आपल्या हॉस्टेलकडे येते. सेकंड इयरला माझी रूममेट वाय.डी. झाली. ती मेसला उशिरा यायची, रोज रात्री आईशी बोलायची, पण आमच्याशी गप्प. आम्ही काय केलं? "किती विषय राहिले गं?", "आता पुढे काय ठरवलंस?" सगळं काळजीपोटी, पण पेन्सिलीने ढोसणंच ते. त्यात आपला नियम, वाय.डी. झालं की रूम खाली करा. ती बाहेर कुठेतरी खोली घेऊन राहिली. या वर्षी कॅन्टीनमध्ये भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "मला फक्त थोडे दिवस शांतपणे माझ्या कॉटवर झोपू द्यायचं होतं."

रेक्टर मॅडम, सर, रूम्स कमी आहेत हे आम्हाला कळतं. पण कात टाकणाऱ्या कोळ्याची पेटी त्याच दिवशी बदलत नाहीत. निदान एक सेमिस्टर तरी त्या मुलांची रूम राहू द्या.

आणि मित्र-मैत्रिणींनो, एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक गप्प माणूस कातच टाकत असतो असं नाही. कुणी जेवण-बोलणं सगळंच सोडलं, 'माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय' असं म्हणू लागलं, तर पाय मुडपले आहेत असं समजा. तिथे वाट बघायची नाही. जवळ बसा, सरळ विचारा, मॅडमना उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

दादाने त्या दिवशी पेटीला हात लावला नाही. पण पाण्याची वाटी भरून ठेवली होती, आणि तो खोली सोडून गेलाही नाही. मला वाटतं, रूममेट म्हणून आपल्याला एवढं जमायला हरकत नाही.