न लढलेल्या जीपचं शौर्यपदक

मंडळी, आजची नोंद काही जणांना झोंबणार आहे. माझे निम्मे मित्र जुन्या जीपगाड्यांच्या नादाला लागलेत आणि आमचा मामेभाऊ तर एका गंजक्या सांगाड्यापायी गेली दिवाळीसुद्धा गॅरेजात साजरी करून आला. (मामी, तुमची तक्रार पोचली बरं का!) छंद उत्तम आहे. रविवारी टीव्हीसमोर लोळण्यापेक्षा हात काळे करून एखादं यंत्र जिवंत करणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. तेव्हा माझं भांडण छंदाशी नाही. ते त्यात शिरलेल्या खोटेपणाशी आहे.

प्रकार साधारण असा असतो. कुठल्याशा गावात गोठ्यामागे महिंद्राची एक सीजे-३बी सापडते. मालकाला भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन ती उचलून आणतात. पत्रा खरवडतात, हिरवा रंग मारतात, बॉनेटवर भलाथोरला पांढरा तारा काढतात. सात खाचांची पुढची जाळी काढून नऊ खाचांची बसवतात, मागचा फाळका वेल्डिंग करून बंद करतात, बाजूला फावडं-कुऱ्हाड आणि मागे जेरीकॅन लटकवतात. झाली दुसऱ्या महायुद्धातली विलीज तयार! मग प्रदर्शनात पाटी लागते, '१९४४ मॉडेल'. लोक कडेवरच्या पोरांना घेऊन फोटो काढतात. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायची किंमत चौपट होते.

आता जरा त्या बॉनेटकडे बघा. सीजे-३बीचं बॉनेट उंच का असतं? विलीज कंपनीने १९५३ च्या सुमारास जुन्याच बॉडीत नवं 'हरिकेन' इंजिन बसवलं. ते उंचीला जास्त, मावेना, म्हणून बॉनेट वर उचललं. इतकी साधी गोष्ट. युद्ध संपलं १९४५ साली. म्हणजे हे मॉडेल जन्माला आलं तेच युद्धानंतर आठ वर्षांनी, आणि आपण तिला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरवतोय! १९५३ साली जन्मलेल्या माणसाने बेचाळीसच्या चळवळीचं पेन्शन मागावं, तसलाच हा प्रकार. माणसाने केलं तर आपण त्याला बोगस म्हणतो. गाडीच्या बाबतीत मात्र 'रिस्टोरेशन' म्हणतो.

खरी युद्धकालीन जीप ओळखणं अवघड नाही. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून १९४१ ते १९४५ मध्ये अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. पुढे चासीचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डने तर बोल्टांवरसुद्धा आपलं 'एफ' अक्षर उमटवलं होतं. हेडलाइट मागे वळवून अंधारात इंजिनावर उजेड पाडता येतो. ब्रिटिश आणि अमेरिकन फौजा जाताना काही गाड्या आपल्याकडेच टाकून गेल्या, त्यातली एखादी कुणाच्या नशिबी आली असेल तर त्याने तो तारा खुशाल काढावा. पण तो अमेरिकन सैन्याचा तारा आहे, एवढं तरी ठाऊक असू द्यावं.

बरं, हौसेला मोल नसतं हे मान्य, पण कायदा नावाचीही काही चीज आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच. तरी लोक तो मारतात. वर नंबर प्लेटवर सैन्याच्या गाडीसारखा वर टोक असलेला बाणही काढतात. टोलनाक्यावरच्या पोराने त्या बाणाला सलाम ठोकला की यांची छाती फुगते. तो सलाम कुणासाठी होता, हा प्रश्न यांना पडत नाही.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. या सगळ्या रंगरंगोटीत त्या गाडीचं खरं आयुष्य पुसलं जातं. आणि ते आयुष्य काय कमी होतं? स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढची कित्येक दशकं डांबरी रस्ता संपला की जीप सुरू व्हायची. मामलेदाराची जीप, फौजदाराची जीप, बीडीओची जीप. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या कामावर धुरळा उडवत साहेब यायचा तो जीपमधूनच. निवडणुकीत भोंगा लावून वाडीवाडीतून फिरायची तीही जीपच. आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तीच गाडी सातारा-कोल्हापूरकडे वडापला लागायची. ड्रायव्हर एक पाय बाहेर काढून बसलेला, आत पंधरा जण, टपावर कोंबड्यांची डालगी आणि मागच्या फाळक्यावर लोंबकळणारी आमच्यासारखी कॉलेजची पोरं. अडलेली बाळंतीण तालुक्याला पोचवली ती त्याच जीपने. हो, तोच फाळका, जो आज वेल्डिंग करून बंद केला जातोय.

असली गाडी सापडल्यावर तुम्हाला तिच्यात वडाप दिसत नाही, नॉर्मंडी दिसते. आपल्या माणसांची धूळ खाल्लेल्या गाडीची लाज वाटते म्हणून तिला दुसऱ्याच्या लढाईचे कपडे चढवायचे, याला मी तरी गाडीवरचं प्रेम म्हणणार नाही.

आणि आपल्याच लढाया हव्या असतील तर त्याही आहेत की! १९६५ साली खेमकरणच्या शेतांत अब्दुल हमीद यांनी रणगाडे उडवले ते जीपवर बसवलेल्या तोफेने. जबलपूरला १९६९ पासून तीस वर्षं बनलेली जोंगा तर अस्सल फौजी, चार लिटरच्या जवळपास पेट्रोल इंजिन आणि राक्षसी तहान. सैन्याने लिलावात काढलेली जोंगा आजही मिळते. पण ती मिळाल्यावर काय करतात? क्रोमचे बंपर, भडक रंग आणि छतावर दिव्यांची माळ! न लढलेलीला पदक आणि लढलेलीला लग्नाच्या वरातीचा शालू. कमाल आहे.

रंग मारून जुनं खपवण्याची आपली परंपरा तशी जुनीच म्हणा. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी दोन हजार दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा परदेशातून घ्यायचा करार झाला होता. सुरुवातीला ज्या १५५ पोचल्या त्या वापरण्यालायक नव्हत्या, आणि स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा जीपच्या नावावर जमा झाला. तेव्हा निदान संसदेत आरडाओरडा झाला. आज आपण टाळ्या वाजवतो.

यावर मित्रांचं नेहमीचं उत्तर ठरलेलं: 'गाडी माझी, पैसे माझे, तुला काय त्रास?' काहीच नाही. पिवळी करा, जांभळी करा, फक्त '१९४४' लिहू नका. दुसरं उत्तर जरा वजनदार आहे: 'जुने पार्ट मिळत नाहीत, पेट्रोल परवडत नाही, म्हणून डिझेल इंजिन टाकलं.' तेही मान्य. वडापवाल्यांनी पोटासाठी डिझेल इंजिनं टाकली, तोही त्या गाडीचा इतिहासच. पण तसं पाटीवर लिहा, आणि काढलेलं इंजिन भंगारात घालू नका, गॅरेजच्या कोपऱ्यात झाकून ठेवा. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले, त्यांतही हेच आहे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे हजारो रुपये ओतून केलेली सजावट गाडीला त्या नोंदणीतूनच बाद करू शकते.

तेव्हा या नादातल्या दोस्तांना एवढंच सांगणं आहे. गाडी घ्याल तेव्हा पैसे देऊन लगेच निघू नका. मालकाशेजारी बसा, चहा घ्या, ती कुठे कुठे फिरली ते विचारा आणि लिहून घ्या. तो म्हातारा गेला की ती माहिती कुठल्याही बाजारात मिळणार नाही. सगळा पत्रा खरवडण्याआधी फोटो काढा, जुन्या रंगांचे थर मोजा. एखादा कोपरा न रंगवता तसाच राहू द्या. आणि खाली कुठे 'जय भवानी' किंवा 'पुढे-मागे अंतर ठेवा' असं काही रंगवलेलं निघालं, तर हात जोडून विनंती, त्यावर तारा काढू नका.