कौतुक आवरा, परीक्षण लिहा

झाडीपट्टीच्या नाटकाचं कौतुक करणाऱ्या माणसाला मी हल्ली चहा विचारत नाही. दिवाळी सरली की नागपूर-पुण्याकडून असा एखादा येतोच. गळ्यात कॅमेरा, पायात जंगलात चालायचे बूट. वडशाच्या रस्त्यावर नाटक कंपन्यांचे फलक बघून हरखतो, रात्री कुठल्याशा गावच्या शामियान्यात तासभर बसतो, साडेबाराला पेंगायला लागतो आणि परत जाऊन लिहितो की महाराष्ट्राच्या या दुर्गम टोकाला एक लोककला अजून तग धरून आहे. तग कसला डोंबलाचा! भाऊबीजेपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत एकेका रात्री किती गावांत पडदा वर जातो, ते वडशाला एखाद्या कंपनीच्या कार्यालयात दसऱ्याच्या सुमारास जाऊन बघा. तारखा मिळत नाहीत म्हणून मंडळवाले हातघाईवर आलेले असतात. लोक तिकीट काढून रात्रभर बसतात. धान विकून हातात आलेला पैसा त्यात जातो. यात अनुदान नाही, महोत्सव नाही, प्रायोजकाचं बोटचेपं भाषण नाही. ज्या धंद्याला रोज रात्री गिऱ्हाईक आहे, त्याला जतन करायची भाषा कोणी लावली?

लेखात वाघही लागतोच. 'वाघाच्या जंगलातून वाट तुडवत कलेच्या ओढीनं येणारा भोळा प्रेक्षक' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता वाघालाही त्याचा कंटाळा आला असेल. वाघ आहे, खोटं नाही. ब्रह्मपुरी वनविभागात माणसं मरतात आणि त्यात गंमत काही नाही. पण आम्ही त्याच जंगलातून शेतावर जातो, मोहफुलं वेचायला जातो, पोरं शाळेत जातात. तेव्हा कोणी आमच्या शेतीच्या ओढीवर लेख लिहीत नाही. नाटकाला जाताना आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं बसतो आणि वाघापेक्षा जास्त चर्चा यंदा खलनायकाचं काम कोण करणार याची करतो.

मी नागभीडचा. मला सगळंच लागतं. लहानपणी छोट्या गाडीनं नागपूरहून कुणी आलं की पिशवीत इंद्रजाल कॉमिक्स आहे का, हे आधी बघायचो. त्यातला वेताळ देंकालीच्या जंगलात कवटीच्या गुहेत राहून सगळ्या टोळ्यांना न्याय द्यायचा. आमच्याभोवती खरं जंगल असताना जंगलाचा मालक गोराच का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आता पडतो आणि तरीही तो अंक हाती आला तर मी सोडणार नाही. वाचनालयातले बाबूराव अर्नाळकर संपवले. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे संपवले हे बोलण्यापुरतं. १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायणा'साठी शेजारच्यांच्या ओसरीत चप्पल सांभाळत बसलो. 'सैराट' पाहिला, थॅनॉस पाहिला, मोबाइलवर कोरियन मालिका पाहून डोळे सुजवले. ती छोटी गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, पण आवडी काही रुळांवर अवलंबून नसतात.

एवढं सगळं पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, चाहत्याचा पहिला हक्क कुरकुर करण्याचा असतो. मालिकेतली नायिका बदलली की घराघरात बायका वाहिनीचा उद्धार करतात. सुपरहिरोच्या पोशाखाचा रंग बदलला तर अमेरिकेतली पोरं भांडायला उठतात. आवडत्या गोष्टीवर असं तुटून पडणं हेच त्या गोष्टीला जिवंत समजल्याचं लक्षण. आमच्या वाट्याला मात्र दोनच गोष्टी आल्या आहेत, प्रबंध आणि टाळ्या. प्रबंधात दंडार, खडी गंमत या लोककलांपासून उगम शोधायचा आणि टाळ्यांमध्ये 'अहाहा, किती हे प्रेम' म्हणायचं. कालचं नाटक चांगलं होतं की टुकार, हे लिहायची पद्धतच नाही.

आणि परीक्षण होत नाही असंही नाही. नागभीडच्या बसस्टँडजवळ हिवाळ्यात सकाळी सहाला चहाच्या टपरीवर उभे राहा. रात्रभर जागून, कानाला मफलर गुंडाळून आलेले लोक तिथं जे बोलतात, ते पुण्यातल्या समीक्षकाला जमायचं नाही. "पोरगी बरी रडली, पन माईक सोडून रडली. मांगच्याइले काय आयकू येईन?" दुसरा सांगतो, ऑर्गनवाला हिरोच्या दोन सूर वर वाजवत होता, कारण हिरोचा आवाज सलग जागरणानं बसला होता आणि ते झाकायचं होतं. तिसऱ्याचं म्हणणं, बाप दुसऱ्या अंकातच मारायला नको होता, मग तिसऱ्यात लोक कुणासाठी थांबणार? संवाद, ध्वनी, संगीत, रचना, सगळ्याची चिरफाड झाली! दहा वाजता मंडळी झोपायला जातात आणि एवढा माल हवेत विरतो.

वर्तमानपत्रं काय करतात? हंगामात पानंच्या पानं जाहिराती. कंपनीचं नाव, कलावंतांचे फोटो, स्थळ, वेळ. दुसऱ्या दिवशी बातमी येते ती उद्घाटनाची. हे उद्घाटन म्हणजे आमच्याकडचा खरा शोकांत. दहाला सुरू व्हायचं नाटक अकरा वाजले तरी सुरू होत नाही, कारण रंगमंचावर खुर्च्यांची रांग लागलेली असते. सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, जिल्हा परिषद, बाजार समिती आणि निवडणूक जवळ असली तर त्याहून मोठे. प्रत्येकाला हार, प्रत्येकाचं दोन शब्द म्हणत दोनशे शब्दांचं भाषण. खाली जमीन खणून केलेल्या उतारावर बाया पोरं मांडीवर घेऊन थंडीत बसलेल्या. सकाळच्या पेपरात त्या खुर्च्यांवरची सगळी नावं पदांसकट छापून येतात. नाटक कोणी लिहिलं, खलनायक कोणी केला, एक अक्षर नाही.

परशुराम खुणे यांचंच बघा. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा हा नट. २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका हा आकडा सगळीकडे छापून आला. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू? पण पुढचा मथळा काय, तर 'विदर्भाचे दादा कोंडके'. म्हणजे माणसानं हयात घालवली आणि ओळख मिळाली ती दुसऱ्याच्या नावावर. दादा कोंडक्यांना कोणी 'पुण्याकडचे खुणे' म्हटलंय का? आणि त्या आठशे भूमिकांपैकी कुठली गाजली, कुठली पडली, कुठल्या भूमिकेत खुण्यांनी जुनी लकब टाकून नवी धरली, हे कुठं नोंदलंय? रणजीच्या एखाद्या गोलंदाजाचे निर्धाव चेंडूसुद्धा लिहून ठेवले जातात. इथं आठशे भूमिकांचा हिशेब एका आकड्यात मिटला.

आमच्यापासून जवळच, सिंदेवाही तालुक्यातलं नवरगाव. तिथल्या सदानंद बोरकरांनी 'आत्महत्या' हे नाटक शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर केलं. समोर बसलेला प्रेक्षक शेतकरीच. त्यातल्या कुणाच्या भावकीत, कुणाच्या शेजारात हे घडून गेलेलं. स्वतःचं मरण तिकीट काढून बघायला बसलेल्या माणसासमोर ते नाटक उभं करायला काय लागत असेल! मुंबईत असं नाटक झालं असतं तर त्यावर तीन परिसंवाद आणि एक विशेषांक निघाला असता. त्याच्या रचनेवर, संवादांवर, ते कुठे पकड घेतं आणि कुठे सोडतं यावर लिहिलेलं एक नीट परीक्षण मला आजवर वाचायला मिळालेलं नाही.

तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' जून २०२२ मध्ये लागला, तो मी नागपूरला जाऊन पाहिला. समीक्षकांनी त्याला तारे दिले, दीड कमी, अर्धा जास्त, जे काय असेल ते. ज्या नाटकांवर तो सिनेमा उभा आहे, त्यांच्या वाट्याला मात्र अजून अर्धा ताराही आलेला नाही. पडद्यावर गेल्याशिवाय आम्ही दिसत नाही काय?

आता आपल्या घरचं. कारण बाहेरच्यांना शिव्या देऊन टाळ्या घेणं सोपं असतं आणि त्या टाळ्या मला नकोत.

गावोगावच्या मंडळांना मुंबईच्या चेहऱ्याचं जे वेड लागलंय, त्यानं नाटकाचा गळा आवळत आणलाय. पोस्टरवर 'मालिका फेम' अमुक तमुक, फोटो हातभर. तिच्या बाजूला बोटभर फोटोत ती नटी, जी सलग चार रात्री चार गावांत उभी राहते, दिवसा गाडीत झोपते आणि जिच्या नावावर खरं तर खुर्च्या भरतात. पाहुणी उशिरा येते, दोन प्रवेश करते, संवाद सूचकाच्या तोंडाकडे बघत म्हणते आणि गाडीत बसून निघून जाते. लोक फोटो काढतात. बिदागीचा मोठा लचका तिकडे जातो आणि मग ऑक्टोपॅडवाल्याला 'पुढच्या महिन्यात बघू'. २०२० चा हंगाम कोरोनानं बुडाला तेव्हा याच माणसांच्या घरी चूल कशी पेटली, ते त्या फोटो काढणाऱ्यांनी विचारलं नाही.

नाचाबद्दल संस्कृतीरक्षक बोलतात तसं मी बोलणार नाही. नाच असू द्या. पण बाप मरणशय्येवर आहे, सून पाणी पाजते आहे आणि मागून 'वन्स मोअर'च्या आरोळ्या उठल्या म्हणून मघाचंच गाणं पुन्हा? मध्येच कोणी शंभराची नोट दिली की ध्वनिक्षेपकावर दात्याचं नाव, गाव, हुद्दा. मेलेला बाप तेवढा वेळ श्वास धरून पडून राहतो. हे रसिकत्व नव्हे. ही हुल्लड आहे आणि ती करणाऱ्यात माझे सख्खे मावसभाऊ आहेत.

सगळ्यात जास्त मला खुपतं ते आणखी वेगळंच. आमच्या रंगमंचावर हिरो शुद्ध पुस्तकी मराठी बोलतो. हिरोइनही. पाटील, वकील, डॉक्टर, सगळे. झाडीबोली कोणाच्या तोंडी, तर विनोदी नोकराच्या. तो "मले का मालूम" म्हणाला की शामियाना फुटतो. हसणारे सगळे घरी "मले का मालूम"च म्हणतात. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी या बोलीसाठी आयुष्य वेचलं, तिची संमेलनं भरवली, आणि तिकीट काढून आलेले आम्ही आपल्याच तोंडाला हसून घरी जातो. मुंबईच्या सिनेमात वैदर्भी माणूस विदूषक असतो म्हणून गळे काढायचे आणि आपल्या नाटकात तेच करायचं, हा दुटप्पीपणा एखाद्या लेखकानं तरी मोडावा. प्रेमाचा प्रवेश झाडीबोलीत लिहून बघा की एकदा! पडला तर पडला.

शिकलेल्या पोरांची तर वेगळीच तऱ्हा. कुठल्या विश्वातला कुठला सुपरहिरो कितव्या भागात मेला, तोंडपाठ. तळोधीला काल कुठलं नाटक झालं विचारलं की नाक मुरडतात, म्हणे फार भडक असतं. थॅनॉस चुटकी वाजवतो आणि अर्धी सृष्टी राख होते, ते यांना चालतं. आमचा खलनायक तलाठ्याला हाताशी धरून भावाचा सातबारा आपल्या नावावर करून घेतो, ते मात्र भडक. अरे, सातबारा तुझ्या बापाचाही असाच गेला होता ना?

म्हणून मागच्या हंगामात मी एका प्रयोगाचं परीक्षण लिहिलं. काय चांगलं, काय वाईट, नावं घेऊन. एका वार्ताहराला दिलं. त्यानं विचारलं, "सोबत जाहिरात हाय का?" नाही म्हटल्यावर त्यानं कागद परत केला. मग मी त्याच्या छायाप्रती काढून टपरीवर वाटल्या. दोन दिवसांत कंपनीच्या मालकाचा फोन. पहिली पाच मिनिटं त्यानं माझ्या कुळाचा उद्धार केला, धंदा बसवायला निघालास म्हणाला. मी ऐकून घेतलं. मग आवाज जरा खाली आला.

"तिसऱ्या अंकातलं गानं लांबलं म्हनता तुमी. पन ते काढलं तर बापाचं काम करनारा पोलिसाचे कपडे कवा घालनार? एकच मानूस हाय ना!"

मी म्हटलं, मग गाणं ठेवा, पण त्यात गोष्ट पुढे सरकू द्या, नुसत्या गिरक्या नकोत. त्यावर तो कवीवर घसरला. मग आम्ही कवीवर भांडलो, पडद्यावर भांडलो, मघाच्या त्या रडणाऱ्या पोरीच्या माइकवर भांडलो. मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत. पुढच्या प्रयोगाला त्यानं आग्रहानं बोलावलं. फुकट पास मात्र दिला नाही, तिकीट काढूनच या म्हणाला, आणि ते त्यानं बरोबर केलं. गाणं अजून लांबच आहे.